आजींचं पूर्ण नाव

आमच्या बिल्डिंगमध्ये मी नोकरी मिळायच्या कितीतरी आधी नर्स झाले होते. निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच सकाळी खालच्या मजल्यावरचे काका बीपीचं मशीन घेऊन दारात उभे. मशीन त्यांचं, दंड त्यांचा, मी फक्त आकडा वाचायचा. त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या काकू रक्ताचे रिपोर्ट घेऊन आल्या, समोरच्यांनी सुजलेला घोटा दाखवला, आणि एका बाईंनी तर जावेच्या मुतखड्यावर माझं मत मागितलं. आई सगळ्यांना चहा देत होती आणि मधूनमधून माझ्याकडे अशी बघत होती, जणू ही ओपीडी तिनेच काढली असावी. एवढं सगळं होतं. फक्त कुठलंही हॉस्पिटल मला घ्यायला तयार नव्हतं.

माझं शिक्षण महापालिकेच्या हॉस्पिटलात झालं. तिथे वॉर्ड म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. खाटा भरल्या की खाटांच्या मधे गाद्या, गाद्या भरल्या की पेशंटचा नातेवाईकच अर्धा नर्स. मी तिथे इतकी इंजेक्शनं दिली, इतक्या जखमा पुसल्या, इतक्या बाळंतिणींच्या शिव्या खाल्ल्या, की मला वाटलं होतं, आता खासगी हॉस्पिटलवाले मला हार घालून आत घेतील. त्यांनी विचारलं, अनुभव किती? मी म्हटलं, शिकत असताना एवढा एवढा. ते म्हणाले, तो नाही, नोकरीचा. नोकरी दिलीत तर येईल, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. तिथून परत फोन आला नाही, हे सांगायला नकोच.

पवईला मुलाखत सगळी इंग्रजीत झाली. मला सगळं समजत होतं, पण उत्तर तोंडात येईपर्यंत पुढचा प्रश्न यायचा. बोरिवलीच्या एका छोट्या नर्सिंग होममधले डॉक्टर फारच प्रेमळ होते. त्यांनी विचारलं, बिलं करता येतील का, फोन घेता येतील का, आणि कधी आयाबाई आली नाही तर लादी पुसायला हरकत नाही ना? लादीला माझी हरकत नव्हती. पण मग नर्सचं काम कधी करायचं हे मी विचारल्यावर ते हसले आणि 'कळवतो' म्हणाले.

खरी वाट लागली ती अंधेरीला. घाटकोपरहून मेट्रो पकडून मी वेळेच्या आधीच पोचले होते, पहिल्यांदाच सगळं नीट चाललं होतं, मुलाखत घेणाऱ्या दोन्ही बाई मराठीत बोलत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "औषध देण्याआधी पेशंट तोच आहे हे कसं बघशील?"

मी म्हटलं, "केसपेपर बघेन. नावाने हाक मारेन. हो म्हणाला की देईन."

"म्हणजे नाव तू वाचणार आणि तो हो म्हणणार?"

"हो."

"झोपेत असेल तर? ऐकू येत नसेल तर? आपल्याकडचा पेशंट डॉक्टर-नर्सना कशालाही हो म्हणतो गं."

हे अगदी खरं होतं. पेशंटकडूनच नाव वदवून घ्यायचं हे आम्हाला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. पण आमच्या वॉर्डात दारातून नाव पुकारायचं आणि ज्याचा हात वर होईल त्याच्याकडे जायचं, अशीच हातांना सवय लागली होती. परतीच्या मेट्रोत मी ते वाक्य पाढ्यासारखं घोकलं. पेशंटने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं. जन्मतारीख सांगायची. मी फक्त ऐकायचं, आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. त्या दोन बाईंनी मला घेतलं नाही, पण ते वाक्य फुकट दिलं.

याच सुमारास ब्यूरोच्या बाई आमच्या घरी आल्या. त्यांचा ब्यूरो घाटकोपर पूर्वेला होता. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची काळजी घ्यायला त्या मुली पाठवायच्या, दिवसाच्या किंवा रात्रीच्या पाळीला. जुहूच्या एका मोठ्या फ्लॅटमध्ये एक आजोबा होते, त्यांच्यासाठी त्यांना मी हवी होते. शिकलेली मुलगी म्हणून पगारही बरा देणार होत्या. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, उगाच नावं कशाला ठेवू. कामही हलकं नव्हतं. माझी एक मैत्रीण तेच काम करत होती आणि मनापासून करत होती. पण तीच मला म्हणाली होती, "यार, एकदा इकडे आलीस ना, की हॉस्पिटलवाले विचारत नाहीत. हे अनुभवात धरतच नाहीत. आणि हात विसरतात. मला आता सलाइन लावायला सांग, मी घाबरेन."

मला ब्यूरोची भीती वाटत होती ती एवढ्यासाठीच. मला वॉर्ड हवा होता. मी एवढी वर्षं जे शिकले ते विसरून जायची मला भीती वाटत होती, आणि ती मला कोणाला नीट समजावून सांगता येत नव्हती.

बाबांना तर नाहीच. बाबा छापखान्यात कामाला. माझे आजोबा कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा बाबा लहान होते, आणि समोर आलेलं काम सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी अन्नाला पाय लावणं. ते रोज जेवताना एकच वाक्य बोलायचे, "आहे ते घे, मग बघू." आई त्यावर काही बोलायची नाही, पण मला पोळी वाढताना जरा जास्तच तूप लावायची, म्हणजे तिचंही मत तेच असावं असं मी धरून चालले होते. ब्यूरोच्या बाईंनी शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. आणि शनिवारीच मुलुंडच्या एका हॉस्पिटलने मला बोलावलं.

मी घरात जाहीर केलं की ही शेवटची मुलाखत. इथे नाही झालं तर संध्याकाळी बाईंना हो म्हणायचं आणि सोमवारपासून जुहूला जायचं. मी हे इतकं ठणकावून सांगितलं, कारण मला वाटत होतं कोणीतरी म्हणेल, शेवटची कशाला, अजून बघ की. कोणी म्हटलं नाही. बाबांनी पेपरातून मान वर केली आणि "बरं" म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की सकाळी निघताना मी त्यांच्या पाया पडले ते सुद्धा घाईघाईत.

मुलुंडचं हॉस्पिटल फार मोठं नव्हतं, पण स्वच्छ होतं, आणि आत शिरल्याशिरल्या फिनेलचा नव्हे, कॉफीचा वास येत होता. लेखी परीक्षा झाली. मग मेट्रन आल्या. केरळच्या, पण मुंबईत इतकी वर्षं काढलेल्या की मराठी आणि हिंदी त्या एकाच वाक्यात, एकाच दमात बोलायच्या. उंच, सडपातळ, आणि चाल अशी की मागे धावावं लागे. त्यांनी माझी नखं बघितली, चपला बघितल्या, मला एक बेड करायला लावला, चादरीचा एक कोपरा उपसून परत करायला लावला. मग म्हणाल्या, "चल. वॉर्डमध्ये करून दाखव. बोलता सगळ्यांना येतं."

वरच्या मजल्यावर दोन खोल्यांच्या दारांवर पिवळा कागद चिकटवलेला होता. मेट्रननी सांगितलं की दोन्ही खोल्यांतल्या आजींचं नाव एक आणि आडनावही एक, म्हणून हा कागद, सगळ्यांनी जपून राहायचं. नावं ऐकून मला हसूच आलं. ते नाव आमच्या कोकणात त्या पिढीच्या दर दुसऱ्या बाईचं आहे, आणि आडनाव तर आमच्या अख्ख्या तालुक्याचं. दोघींपैकी एका आजींना साखरेचा त्रास होता आणि जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं होतं. साखर तपासून झालेली होती. मेट्रननी तो चार्ट माझ्या हातात दिला, डॉक्टरांनी लिहिलेला डोस मला भरायला लावला, दोनदा बघितला, आणि चार्टवर जी खोली लिहिली होती त्या खोलीत आम्ही गेलो.

आजी पलंगावर टेकून बसल्या होत्या. हॉस्पिटलचा निळा गाऊन, त्यावर घरचं स्वेटर, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. खिडकीपाशी सोफ्यावर त्यांचे यजमान पेपर वाचत होते. मी ट्रे ठेवला, हात स्वच्छ केले, आणि पाढा सुरू केला.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता?"

आजींनी नाव सांगितलं.

"पूर्ण, आजी."

आजींनी आडनाव सांगितलं.

"आणि मधलं?"

आजींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी चारचौघांत काहीतरी भलतंच विचारलं असावं. मग हनुवटीनेच सोफ्याकडे खूण केली. "मधला कित्याक व्हया? हे काय, हयसरच बसलेत."

यजमानांनी पेपर खाली घेतला. "मी सांगतो ना. माझंच नाव आहे."

"काका, तुम्ही नाही," मेट्रन म्हणाल्या. "पेशंट बोलणार."

मी म्हटलं, "बरं आजी, जन्मतारीख सांगा."

"एक जून," आजी लगेच म्हणाल्या. "साल काय ध्यानात नाय."

आणि मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. एक जून ही आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवायची नाही, मग मास्तर जूनची पहिली टाकून द्यायचे. माझे आजोबाही एक जूनचेच. मेट्रननी शेजारच्या खोलीतल्या आजींचं मनाशी आठवून बघितलं आणि मान हलवली. त्याही एक जूनच्याच. मी मनगट बघितलं. तिथे पट्टी नव्हती. हाताला सूज आली म्हणून ती सकाळी कापून काढली होती आणि नवी छापून यायची होती.

म्हणजे नाव सारखं, आडनाव सारखं, वाढदिवस सारखा, आणि पट्टी जागेवर नाही. दोन आजींमध्ये फरक उरला होता तो फक्त नवऱ्याच्या नावाचा, आणि ते आजी घेणार नव्हत्या.

बाहेर जेवणाची ट्रॉली पोचल्याचा आवाज येत होता. मेट्रन हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि मला काहीही मदत करायची नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला सोपा रस्ता दिसत होता. चार्टवरचं नाव मोठ्याने वाचायचं, आजी लाजून हो म्हणतील, झालं. तसं केलं की अंधेरीसारखीच मी घरी, आणि सोमवारी जुहूला. दुसरा रस्ता म्हणजे हात जोडून विनवण्या करायच्या. खरं सांगते, त्या क्षणी मला आजींचा रागच आला. माझी नोकरी जातेय आणि यांची लाज जात नाही.

पण विनवण्यांनी काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण असं एक माणूस आमच्याच घरात आहे. गॅस बुक करताना, बँकेत, कुठेही पलीकडच्याने पूर्ण नाव विचारलं की आई फोन किंवा खिडकी माझ्याकडे सरकवते आणि स्वतः दुसरीकडे बघते. मी तिच्यावर किती वैतागले आहे, तिला किती जुनाट म्हणाले आहे. ती ढिम्म. तिच्या तोंडून बाबांचं नाव मी फक्त हळदीकुंकवाला ऐकलंय, आणि तेव्हा मात्र तिला थांबवावं लागतं.

"आजी," मी म्हटलं, "नाव असंच नका घेऊ. उखाण्यात घ्या."

आजींनी मान वर केली. "इथं?"

"इथंच. मी काय परकी आहे? आमचं गावही तिकडलंच. आणि उखाणा घेतल्याशिवाय इंजेक्शन नाही मिळणार."

"इंजेक्शन नको म्हणून तर मी गप्प बसलंय," आजी म्हणाल्या, पण त्यांचे डोळे आता हसत होते. त्यांनी सोफ्याकडे बघितलं. यजमानांनी ताबडतोब पेपर चेहऱ्यासमोर धरला. आजींना डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, तेव्हा त्यांनी पायावरची चादर ओढली, तिचं टोक अंबाड्यावरून पुढे घेतलं, आणि खोकला आवरून म्हणाल्या,

"नारळाच्या झाडाला पाणी घालते वाकून,
अमुकरावांचं नाव घेते सिस्टरचा मान राखून."

अमुकरावांच्या जागी खरं नाव होतं, ठणठणीत आणि स्वच्छ. ते मी इथे लिहीत नाही. पेशंटचं नाव बाहेर न्यायचं नसतं, हाही पाढा मला पाठ आहे.

यजमानांच्या हातातला पेपर हलत होता, म्हणजे ते हसत होते. ट्रॉली घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबून हसत होत्या. मीही हसले, इतकं बरं वाटत होतं. मग चार्टवर बघितलं, आणि चार्टवर ते नाव नव्हतं.

मी परत वाचलं. नाव तेच, आडनाव तेच, मधे मात्र भलतेच राव होते.

"मॅडम," मी म्हटलं, "हे त्यांचे नाहीत. म्हणजे, चार्टवरचं मधलं नाव वेगळं आहे."

मेट्रननी एका हाताने चार्ट घेतला आणि दुसऱ्या हाताने माझ्यासमोरचा ट्रे उचलला. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला होता. त्यांनी यजमानांना विचारलं, "काका, तुम्ही कालपासून याच खोलीत आहात?"

"छे," यजमान म्हणाले. "सकाळी आलो. तिकडे एसीचा झोत थेट हिच्या अंगावर येत होता. तिला खोकला, म्हणून त्या शेजारच्या बाईंना विनंती केली. त्या भल्या बाई, लगेच हो म्हणाल्या. तुमच्या माणसांनीच पलंग सरकवले की."

पलंग सरकले होते, आजी सरकल्या होत्या, फक्त कागद जुन्याच खोल्यांत राहिले होते. साखर तपासली होती ती शेजारच्या आजींची, तीही त्या हलायच्या आधी. आमच्या या आजींना साखरेचा त्रासच नव्हता. त्या छातीत कफ झाला म्हणून आल्या होत्या, आणि दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. त्यांना ते इन्शुलिन गेलं असतं तर काय झालं असतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, वॉर्डात एकदा बघितलंही होतं. मी पलंगाचा दांडा धरला.

"माझा काय चुकला?" आजींनी विचारलं.

"काही नाही आजी," मी म्हटलं. "तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत."

मेट्रन फोनवर बोलत बाहेर गेल्या. वॉर्डातल्या दोन सिस्टर धावत आल्या, कागद इकडचे तिकडे गेले, नवी पट्टी आली. शेजारच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथे सिस्टरने नाव विचारल्यावर दुसऱ्या आजींनी स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, वर 'बँकेतून निवृत्त' असं सगळं हजेरीसारखं खडखडीत सांगून टाकलं. मी आधी त्या खोलीत गेले असते तर माझी परीक्षा अर्ध्या मिनिटात संपली असती.

मला मात्र कोणी काहीच सांगितलं नाही. मी मेट्रनच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. आत बऱ्याच जणांना बोलावलं जात होतं, आणि बाहेर येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून जात होता. आजी वाचल्या याचं समाधान होतंच, छातीवरचा दगड उतरला होता, पण जसजसा वेळ जायला लागला तसतसा तिथे दुसरा दगड बसला. यांच्या घरातली गडबड मी पाहिली होती. पहिल्याच दिवशी उणं काढणारी मुलगी कोणाला हवी असते? उद्या चार ठिकाणी सांगत फिरली तर? म्हणजे मी बरोबर केलं आणि त्यामुळेच नोकरी गेली, असं होणार. हे घरी कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. बाबांचा चेहरा आठवत होता. आहे ते घे, मग बघू.

बऱ्याच वेळाने मेट्रननी आत बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत.

"ट्रे कुठे ठेवला होतास?"

"बेडवर, मॅडम."

"बेड म्हणजे टेबल आहे? इंजेक्शनचा ट्रे पेशंटच्या पायाशी? त्यांनी पाय हलवला असता तर?"

महापालिकेत टेबल कुठे मिळायचं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"कागद न नेता पलंग हलवले, ती आमची चूक," त्या म्हणाल्या. "ती मी वर लिहून कळवलीय. तुझं नाव पण लिहिलंय, नाव विचारल्याशिवाय सुई लावली नाही म्हणून." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते गाणं काय होतं?"

"गाणं नाही मॅडम, उखाणा. नवऱ्याचं नाव थेट घ्यायचं नसतं ना, म्हणून."

"माझी आई पण नाही घ्यायची," त्या म्हणाल्या. "बाबांना हाक मारायची असली तर भांडं आपटायची. आम्ही लहान असताना वाटायचं, किचनमध्ये कोणी नीट कामच करत नाही." त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि मग पुन्हा लगेच मेट्रन झाल्या. "सोमवारी सकाळी सात वाजता. बांगड्या नको. केस जाळीत. पहिला महिना एकटीने काही करायचं नाही, सिनियरला विचारायचं."

"म्हणजे मॅडम, मला घेतलं?"

"मग सोमवार मी कोणाला सांगतेय?"

मी जिन्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. हॉस्पिटलच्या बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, सगळीकडे धूळ, हॉर्न वाजत होते, आणि मला ते सगळं झकास वाटत होतं. बसस्टॉपवर जाऊन मी बसले आणि दोन बसगाड्या तशाच जाऊ दिल्या. सुटले, एवढा एकच शब्द डोक्यात होता. आजी सुटल्या, मी सुटले. पुढे किती कामं पडतील, किती बोलणी खावी लागतील, याचा विचारही शिवत नव्हता. मला माझ्या हातांकडे बघून हसू येत होतं. आता ते काही विसरणार नव्हते.

मग मी घरी फोन लावला. शनिवार असल्यामुळे बाबा दुपारीच घरी आले होते, त्यांनीच उचलला.

"बाबा, झालं. सोमवारपासून यायला सांगितलंय."

"बरं झालं," बाबा म्हणाले. नुसतं तेवढंच. मला वाटलं, निदान आज तरी एखादं वाक्य जास्त बोलतील.

"मग आता त्या ब्यूरोच्या बाईंना नाही म्हणून कळवा. संध्याकाळपर्यंत थांबल्यात त्या."

"त्या कुठल्या थांबल्यात," बाबा म्हणाले. "मी सकाळीच फोन केला होता. तू बसमध्ये बसलीस तेव्हा."

मला कळेना. "सकाळी? माझी मुलाखत व्हायच्या आधी? आणि नसतं झालं म्हणजे?"

"नसतं झालं तर दुसरीकडे गेली असतीस. तू काय एवढ्यावर गप्प बसणारी आहेस?"

"मग रोज मला 'आहे ते घे' का म्हणत होता?"

"बापाने म्हणायचं असतं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला, म्हणजे आई जवळपास असणार. "पण एक सांगतो. मी नाही म्हणायला फोन केला तर बाई माझ्यावरच वैतागल्या. म्हणाल्या, अहो, परत परत काय सांगता? तुमच्या मिसेसनी मला गुरुवारीच नाही म्हणून कळवलंय. मी दुसरी मुलगी दिलीसुद्धा."

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतेय ती? जेवली का विचारा."

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

नाही, असं मला सांगायचं होतं. पण मला एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं, आणि बाबा पलीकडून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले.